खरखरीत अक्षरे आणि मराठी उच्चार

पुण्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘माँटेसरी’ हे विशेषनाम राहिले नव्हते. पहिलीत जाण्यापूर्वी मूल ज्या वर्गात बसते तो वर्ग, एवढाच त्याचा अर्थ उरला होता; मग तेथे डॉ. मारिया माँटेसरी यांची साधने असोत वा नसोत. रोममधील सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली निघालेल्या बालगृहाच्या पद्धतीचे नाव मराठीत असे रुळले. साधने मात्र सर्वच इतक्या सहजपणे रुळली, असे म्हणता येत नाही.

या पद्धतीत जीवनव्यवहार, इंद्रियशिक्षण, भाषा, गणित असे वर्गाचे विभाग पाडलेले असतात. पहिल्या दोहोंस भाषेची अडचण पडत नाही. एक ते दहा सेंटिमीटर बाजूंच्या दहा घनांचा मनोरा रोममध्ये रचावा तसाच सदाशिव पेठेत रचता येतो, आणि चूक झाल्यास मनोराच ती दाखवितो. बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने आणली, तरी तत्त्वास बाध आला नाही. भाषेच्या विभागात मात्र केवळ साधनाचे द्रव्य बदलून भागत नाही.

तेथील मुख्य साधन म्हणजे सँडपेपरची अक्षरे. मूल दोन बोटांनी अक्षराचे वळण गिरवते व त्याच वेळी त्याचा ध्वनी ऐकते. पुढे सुटी अक्षरे मांडून ते ऐकलेला शब्द रचते. स्वर एका रंगात, व्यंजने दुसऱ्या. एका ध्वनीस एक चिन्ह, हे या योजनेमागील गृहीत होय, आणि इटालियन लेखनास ते बऱ्याच अंशी लागू पडते.

मराठीत ‘कमळ’ हा शब्द घ्यावा. क आणि म यांत अ मिसळलेला आहे, पण त्यास स्वतंत्र चिन्ह नाही. म्हणजे जो स्वर सर्वांत अधिक ऐकू येतो तोच बोटास लागत नाही. शेवटच्या ळ मध्ये तर अ उच्चारलाही जात नाही, तरी अक्षर पूर्णच लिहावयाचे. ‘आई’तील आ आणि ‘काका’तील काना हा एकच स्वर, रूपे दोन. ‘चिमणी’ रचताना कानास च आधी व इ नंतर ऐकू येते. हाताने मात्र पहिली वेलांटी च च्या डावीकडे ठेवावयाची असते. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील च भिन्न आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे जगण्याचे आज्ञार्थी रूप यांत तर अर्थभेद केवळ ज च्या उच्चारावर आहे. शिक्षिकेने गिरविताना कोणता ज उच्चारावयाचा? एकच शिकविला, तर दुसरा ऐकणारे चाणाक्ष मूल अक्षर शोधत राहते, आणि त्याची ही अचूक श्रवणशक्ती चूक म्हणून गणली जाण्याचा धोका असतो. जोडाक्षरांची कथा निराळीच. म्हणून मराठी वर्गात मात्रांचे तक्ते वेगळे करून ते अक्षरासह गिरविण्यास द्यावे लागतात, आणि च, ज, झ यांची ओळख दोन-दोन शब्दांनी करून देणे इष्ट ठरते. रंगांची मूळ विभागणी जशीच्या तशी उचलणे हे केवळ अनुकरण होय.

गणिताच्या विभागातही हाच पेच आहे. ‘बालभारती’ ही पाठ्यपुस्तक-निर्मिती संस्था पुण्यातलीच. तिच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली २१ साठी ‘वीस एक’ ही वाचनरीती आली, तेव्हा उठलेला वाद विधिमंडळापर्यंत गेला. माँटेसरी पद्धतीच्या दशकफळीवर मूल २० च्या शून्यावर १ ची पट्टी सरकवते: हात वीस आधी घेतो, जीभ ‘एकवीस’मधील एक आधी घेते. २९ ला तर ‘एकोणतीस’ म्हणताना तिसाचे नाव घ्यावे लागते, आणि फळीवरील तिसाच्या घराला मुलाचा हात अजून लागलेलाच नसतो.