निघाली, लागली, गेली : साखरेच्या क्रियापदांविषयी

रक्ततपासणीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सकाळी साडेसातच्या सुमारास जाऊन बसावे. उपाशीपोटीचे रक्त देऊन झालेली मंडळी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात पोहे आणि चहा उरकून, ‘बरोबर दोन तासांनी या’ या हुकमाची मुदत भरून काढण्यासाठी पुन्हा त्याच बाकावर येऊन टेकलेली असतात. आणि ज्यांची एरवी एकमेकांशी ओळखदेख होण्याचे काही कारण नव्हते अशी ही माणसे, दुसरा उद्योग नसल्यामुळे, आपापली कैफियत एकमेकांस सांगू लागतात. ‘मला मागच्या दिवाळीत निघाली’, ‘आमच्या ह्यांना रिटायर झाल्यावर लागली’, ‘माझी तशी थोडीशीच आहे’, ‘आमच्या वन्संची तर गेलीसुद्धा’. काय निघाली आणि काय गेली हे कोणी विचारीत नाही. त्या बाकावर कर्त्याचा उच्चार न करताही वाक्य पुरे होते.

वैद्याने केलेले निदान कागदावर राहते. रोगी ते ज्या वाक्यात प्रथम घरी सांगतो, ते वाक्यच पुढे त्याच्या घरात कायद्यासारखे अंमलात येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीच्या अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या लोकांच्या तोंडी रोज फिरणाऱ्या या क्रियापदांची एकदा उलटतपासणी घेणे म्हणूनच अस्थानी ठरू नये.

‘साखर निघाली’

जमिनीतून धन निघते, अडगळीतून साप निघतो आणि जुन्या दप्तरातून थकबाकी निघते. यांपैकी पहिल्या दोन अर्थांनी आपण हे क्रियापद योजतो, म्हणजे जे काही घडले ते त्या तपासणीच्या दिवशी अवचित घडले असे समजतो. आणि ‘काल परवापर्यंत मला काही नव्हते’ अशी जबानी देतो.

वस्तुतः खरा अर्थ तिसरा, थकबाकीचा आहे. प्रौढ वयात आढळणारा, ‘दुसऱ्या प्रकारचा’ म्हटला जाणारा मधुमेह वर्षानुवर्षे निमूटपणे साचत आलेला असतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू होऊन ज्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या पाच हजारांहून अधिक नवनिदान झालेल्या रोग्यांच्या प्रदीर्घ अभ्यासात असे दिसून आले की, निदानाच्या वेळीच इन्सुलिन स्रवण्याची स्वादुपिंडाची क्षमता सुमारे निम्म्यावर आलेली असते, आणि पुष्कळांच्या डोळ्यांवर किंवा अन्य अवयवांवर रोगाच्या खुणाही तोवर उमटलेल्या असतात.

‘पण मला त्रास काहीच नव्हता’ ही सबब खरी असते, मात्र ती निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदवली, ‘मधुमेह’ हे नावही त्याच निरीक्षणातून आले, आणि म्हणून आजही कित्येक घरांतून ‘मुंग्या काही दिसल्या नाहीत बुवा’ असा हवाला दिला जातो. परंतु मूत्रपिंड हे काटकसरी कारभाऱ्यासारखे असून रक्तातील साखर साधारणपणे दर १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमपर्यंत चढेतो ती बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा मुंग्यांस वर्दी पोहोचण्यापूर्वी रोगाने बरीच मजल मारलेली असते. घरात कोणास मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल, किंवा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर त्रासाची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे, हे शहाणपणाचे.

‘थोडीशीच आहे, बॉर्डरवर’

हे वाक्य बहुधा धीर देण्यासाठी, आणि तेही स्वतःलाच, उच्चारलेले असते. पण ‘थोडीशी’ म्हणजे किती? प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्यातील साखर दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर सबंध देहात फिरणारी साखर भरते अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मधुमेहाची रेषा उपाशीपोटी १२६ वर आखलेली आहे. तेथे तीच साखर सहा ग्रॅमांच्या किंचित पुढे जाते. निरोगी आणि रोगी यांच्यामधले अंतर, असे पाहिले तर, सव्वा ग्रॅमाचे! जेथे सगळा जमाखर्चच एका चमच्याचा आहे, तेथे ‘थोडीशी’ या शब्दाला फारसा आधार उरत नाही.

या रेषा मनास येईल तशा आखलेल्या नाहीत. उपाशीपोटी १२६, ग्लुकोजचे पाणी प्याल्यानंतर दोन तासांनी २००, किंवा ज्याला बोलीभाषेत ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात त्या एचबीएवनसी तपासणीत ६.५ टक्के, या आकड्यांपासून पुढे मधुमेह म्हणतात; आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने तो पक्का करून घेतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असेल तर ती मधुमेहाची पूर्वावस्था. ‘बॉर्डर’ या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे. मात्र १२६ चे १४० झाले आणि गोळी एकच लागते, म्हणून तो मधुमेह ‘थोडासा’ होत नाही.

याच भाबडेपणाचे दुसरे रूप म्हणजे तपासणीच्या आदले दोन दिवस भात सोडून, रात्री नुसते ताक पिऊन, निकालपत्र सुधारून घेण्याची खटपट. उपाशीपोटीचा आकडा त्याने कदाचित फसेलही. पण तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, आणि त्या पेशींना चिकटलेली साखर मोजणारी एचबीएवनसी तपासणी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची रोजकीर्द. शेवटची दोन पाने सुवाच्य लिहून सबंध वही सुधारत नसते.

‘गोड खाऊन लागली’

दृष्ट लागते, कीड लागते, व्यसन लागते. ‘लागणे’ या क्रियापदात कोणाचा तरी दोष गृहीत धरलेला असतो. आणि म्हणून निदान झाल्याबरोबर घरात एक छोटेसे न्यायालय भरते, श्रीखंडाच्या वाट्यांचा आणि लग्नातल्या जिलब्यांचा हिशेब निघतो, आणि रोगी मान खाली घालून गुन्हा कबूल करतो.

साखरेचा अतिरेक, विशेषतः गोड पेयांचा, वजन वाढवून रोगास हातभार लावतो हे खरे. परंतु मधुमेह हा खाल्लेल्या साखरेचा रक्तात साचलेला साठा नव्हे. इन्सुलिन पुरेसे स्रवत नाही, किंवा स्रवले तरी यकृत आणि स्नायू त्याचा हुकूम नीट मानीत नाहीत, आणि बहुधा ही दोन्ही कारणे एकत्र येतात, म्हणून पोळी, भात, फळ या कशाचीही झालेली साखर रक्तातून वेळेवर उचलली जात नाही. लहान मुलांत बहुधा आढळणाऱ्या ‘पहिल्या प्रकारा’त तर शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते; तेथे खाऊचा, लाडाचा किंवा आईच्या हलगर्जीपणाचा संबंध नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या आईला ‘फार चॉकलेटे दिलीत ना?’ असे विचारणारे नातलग नुसते निर्दय नसतात, ते चुकीचेही असतात.

‘मी तर सडपातळ, मला कशी लागेल?’ ही याच समजुतीची दुसरी बाजू. तिचे उत्तर पुण्यात मिळाले आहे. येथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास याज्ञिकांनी चालवला, त्यात तर असे आढळले की आपल्याकडची अर्भके युरोपीय अर्भकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, हातापायांनी किडकिडीत, परंतु चरबी मात्र राखून असलेली अशी जन्मतात. आपला बारीकपणा हा, म्हणजे, फारसा विश्वासू जामीन नव्हे.

‘घराण्यातूनच आली’

वतन जसे बापाकडून मुलाकडे यावे, तशी साखर येते असे समजून काही जण चाळिशीतच तिची वाट पाहू लागतात, आणि आली की ‘येणारच होती’ म्हणून स्वस्थ बसतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु वारसा म्हणजे फैसला नव्हे. अमेरिकेत २००२ साली पुऱ्या झालेल्या एका प्रयोगात पूर्वावस्थेतील लोकांनी वजन थोडे उतरवले आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम ठेवला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय प्रयोगातही आहारविहार सुधारल्याने ते २८.५ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे लाभ कमी दिसला, पण दिसला. वतनदारीवर हरकत घेता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

‘साखर सोडली’

काशीस जाऊन एखादी आवडती भाजी सोडावी, तशा निश्चयाने साखर सोडणारे अनेक आहेत. आणि सोडलेल्या साखरेच्या जागी गूळ, गुळाच्या जागी मध, आणि एकादशीस साबुदाण्याची खिचडी ते निःशंक मनाने घेतात. गूळ हा बहुतांशी तीच साखर आहे. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहेत. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निखळ पिष्टमय पदार्थ, जो पोटात गेल्यावर साखर होण्यास वेळ लावीत नाही. उपवासाचे ताट हे मधुमेह्याच्या दृष्टीने पुष्कळदा पंगतीच्या ताटाहून जड असते. उलट, गोळी घेऊन कडकडीत निर्जळी करणाऱ्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून उपवास करावयाचाच तर औषधांच्या वेळा आधी वैद्यास विचारून ठरवाव्यात. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण यांचा यत्किंचित उपयोग होत असला, तरी ती गोळीची जागा घेऊ शकत नाहीत.

‘इन्सुलिनवर गेले’

हे वाक्य आपण आवाज उतरवून बोलतो, जणू पुढचे क्रियापद नुसते ‘गेले’ असणार आहे. या भयाचे उगमस्थान हे की, आपल्याकडे इन्सुलिन पुष्कळदा फार उशिरा, गुंतागुंती झाल्यावर सुरू केले जाते; आणि मग पाय गेला किंवा मूत्रपिंड गेले तर त्याचे खापर सुईवर फोडले जाते.

टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत, स्वादुपिंडाच्या अर्काचे प्रयोग केले. पुढच्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, उपासाच्या पथ्याने हाडांचा सापळा झालेल्या मुलास तो अर्क टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध निघाला. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या टोचणीने मुलाची साखर उतरली, आणि ज्याचे दिवस मोजले जात होते तो आणखी तेरा वर्षे जगला. तोवर अशा मुलांवर उपासमारीखेरीज उपचार नव्हता. इन्सुलिन ही शेवटची पायरी नव्हे. पहिल्या प्रकारात ती पहिल्याच दिवसाची गरज आहे, गरोदरपणी ती पुष्कळदा तात्पुरती असते, आणि तिची ‘सवय’ लागत नाही, कारण शरीर तेच द्रव्य जन्मापासून स्वतः करीत आलेले असते.

‘गोळ्यांनी किडनी जाते’ ही समजूतही अशीच उलटी. मूत्रपिंडास इजा करते ती वर्षानुवर्षे चढलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. मूत्रपिंड मंदावल्यावर मेटफॉर्मिनसारख्या गोळीची मात्रा कमी करावी किंवा ती थांबवावी लागते हे खरे; पण त्यावरून गोळीनेच ते बिघडवले असे ठरवणे, म्हणजे आगीच्या ठिकाणी बंब दिसला म्हणून बंबावर आळ घेण्यासारखे होय.

‘साखर गेली’

ताप जातो, पाहुणे जातात; साखर त्या अर्थाने जात नाही. परंतु ‘एकदा आली की काहीच करता येत नाही’ हेही आता तितकेसे खरे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात, निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या रोग्यांनी देखरेखीखाली काही महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा आहार घेतला. वर्षाअखेरीस त्यांच्यापैकी ४६ टक्के जण औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. यास उपशमन म्हणतात, निर्मूलन नव्हे: औषध थांबवल्यावर निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिले तर ते मानावे, आणि वर्षातून एकदा तरी तपासणी चालू ठेवावी, असा संकेत आहे. वजन परतले की बहुधा साखरही परतते. मामला तहकूब होतो. निकालात निघत नाही.

प्रयोगशाळेच्या त्या बाकावर मागे एकदा एक नऊवारीतल्या आजीबाई बसल्या होत्या. काचेमागच्या मुलाने कागद भरताना विचारले, ‘आजी, शुगर कधीपासून?’ आजीबाईंनी बोटांवर मोजून सांगितले, ‘अठरा वर्षं सांभाळतेय.’ निघाली, लागली, आली, गेली या साऱ्या वाक्यांत कर्तेपण साखरेकडे होते आणि माणूस तिच्यापुढे नुसता उभा होता. येथे मात्र क्रियापदाची मालकी आजीबाईंनी सहजगत्या आपल्याकडे घेतली होती. मग पाळी येईपर्यंत त्यांनी पिशवी उघडून चष्म्याच्या घरामागे ठेवलेली कागदाची एक पुडी चाचपली. पुडीत साधी साखर होती. त्या इन्सुलिन घेत, आणि घाम फुटून हात थरथरू लागले, म्हणजे रक्तातली साखर ७० च्या खाली उतरली, तर तीन चमचे साखर ताबडतोब तोंडात टाकावी लागते हे त्यांना ठाऊक होते. ‘हिला घरी विसरून चालत नाही,’ असे म्हणून त्यांनी पुडी पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवली.