पाण्यावरच्या गाडीचा हिशेब

सकाळी 7
मासळीचे टेम्पो जेट्टीवरून निघाले की दिवाळे गावात माझ्या गॅरेजचं शटर वर जातं. पहिलं काम एका टेम्पोच्या ब्रेकचं. बर्फाचं खारं पाणी गळून कॅलिपर जाम झालाय. तो सोडवायचा, साफ करायचा, चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे.

सकाळी 9:30
ओळखीचा टॅक्सीवाला येतो. डिकीत घरी बनवलेला डबा आहे. आत स्टीलच्या पट्ट्या, कॉस्टिकचं पाणी, वर नळी.
"दादूस, ही नळी एअर फिल्टरला जोडून दे. पाण्यातून हायड्रोजन निघतो, पेट्रोल निम्मं लागतं."
पोरांच्या फीचा घोर त्याच्या बोलण्यात आहे. अशा माणसाला उडवून लावायचं नसतं, हिशेब मांडून दाखवायचा असतो.

सकाळी 11
बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 व्होल्ट असतात. डबा 20 अँपिअर ओढतो, म्हणजे 276 वॉट. कप्पे सहा, एकापुढे एक जोडलेले. फॅरेडेच्या नियमानं त्यातून मिनिटाला फार तर 1.4 लिटर गॅस निघेल. तो जळून सुमारे 150 वॉट उष्णता मिळेल आणि इंजिन त्यातला पाव भाग कामाला लावेल, म्हणजे जेमतेम 40 वॉट. पण ती 276 वॉट वीज बनवायला अल्टरनेटर इंजिनाकडून 450 वॉटच्या पुढे शक्ती घेतो. ती पेट्रोलमधूनच येते.
"450 दिले, 40 परत आले. धंदा होईल का?"
तो कागद परत परत बघतो.

दुपारी 2
पैशापेक्षा जिवाची काळजी मोठी. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो, ठिणगी अगदी बारीक पुरते. या डब्यात तर ऑक्सिजन आधीच मिसळलेला. इंजिनातून एक उलटा भडका नळीत शिरला की डबा फुटणार आणि कॉस्टिक अंगावर उडणार. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल चालत नाही.

दुपारी 4
आता खऱ्या बचतीचं काम. टॅक्सीच्या चारही टायरांत हवा कमी, एअर फिल्टर काळाकुट्ट, मागचा एक ब्रेक घासतोय. तिन्ही दुरुस्त करतो. खर्च त्या डब्यापेक्षा कमी.

संध्याकाळी 6
माझ्याकडे काम शिकणारा आयटीआयचा पोरगा हत्यारं पुसताना विचारतो, "काका, मग हायड्रोजनच्या गाड्या खोट्या?"
खोट्या नाहीत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी 2020 मध्ये फ्युएल सेलची मोटार चालवून दाखवली, 2022 मध्ये बस आणली. तिथे हायड्रोजन बाहेर तयार होतो, टाकीत भरला जातो, त्याची वीज होऊन मोटर फिरते आणि मागून फक्त पाणी निघतं. आपल्याच इंजिनाकडून उसनी शक्ती घेऊन तो बनवला, की तोटा ठरलेला.

संध्याकाळी 7:30
शटर खाली. चालकबंधूंनो, हायड्रोजन शिकायचा तर प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखत शिका. पेट्रोल वाचवायचं तर टायरची हवा, फिल्टर आणि ब्रेक वेळेवर तपासा. घरी बनवलेला गॅसचा डबा बोनेटखाली लावू नका.