पार्सलची अंडी आणि २१ दिवसांचा सब्र

परसात कोंबड्या पाळणे आपल्या घरांना नवे नाही. दादी-नानीच्या चार-सहा कोंबड्यांनी घरखर्चाला नेहमीच हातभार लावला आहे. नवे आहे ते एवढेच की, आता मोबाईलवर ऑर्डर दिली की उबवणीची अंडी कुरिअरने दारात येतात. विशेषतः झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नाव घरोघरी माहीत झाले आहे. बचतीचे पैसे त्यात घालण्याआधी भगिनींनी काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

फलित अंडे ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यात सूक्ष्म जीव थांबलेला असतो. साधारण २० अंशांच्या वर ऊब मिळू लागली की त्याची वाढ हळूहळू सुरू होते आणि मध्येच खंडली तर तो दगावतो. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत तापत आलेल्या अंड्यांकडून फारशी आशा धरू नये. मागवायचीच असतील तर थंडीचे दिवस बरे. दुसरे संकट धक्क्यांचे. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. हादऱ्यांनी तिचा पापुद्रा सुटतो आणि पिल्लाची वाढ बिघडते. कवच बाहेरून शाबूत दिसते, नुकसान आत झालेले असते.

विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. अंडी कोणत्या तारखेची? कळपात किती कोंबड्यांमागे एक कोंबडा? अंडी सात दिवसांच्या आतली असावीत आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. प्रत्येक अंडे वेगळे गुंडाळून, रुंद टोक वर ठेवून पाठवायला सांगा.

पार्सल आल्यावर घाई नको. तडा गेलेली अंडी बाजूला काढा. बाकीची रुंद टोक वर करून २४ तास थंड, सावलीच्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, पाण्याने धुऊ नका. नंतर सगळी एकाच वेळी उबवायला घाला.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश हवे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवा. पोकळी हललेली वाटली तर पहिले दोन दिवस फिरवू नका. अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवा, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या आणि झाकण उघडू नका. मुलांना डोकावण्याची घाई असते; त्यांना आधीच समजावून ठेवा. वीज गेली तर यंत्रावर गोधडी टाका. थोड्या वेळाच्या गारव्याने सगळे संपत नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहा. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अंडे स्वच्छ दिसले तर ते फलित नाही किंवा सुरुवातीलाच थांबले. वास येणारे अंडे लगेच काढा, ते फुटले तर इतरांनाही बाधते. घरात खुडूक कोंबडी असेल तर यंत्राची गरजच नाही. दहा-बारा अंडी ती स्वतः फिरवते, ऊबही तीच देते.

आता हिशेब. समजा, ४० रुपयांची २४ अंडी आणि ३०० रुपये कुरिअर, म्हणजे १२६० रुपये झाले. प्रवासातून आलेल्या अंड्यांपैकी निम्मी निघाली तरी समाधान मानावे. १२ पिल्ले झाली तर एक पिल्लू १०५ रुपयांना पडले. त्यांत साधारण निम्मे कोंबडे, म्हणजे अंडी देणाऱ्या सहाच. हा आकडा मान्य असेल तरच पैसे पाठवा.

दुसरी वाटही आहे. एक दिवसाचे पिल्लू अंड्यातला बलक पोटात घेऊनच जन्मते, त्यामुळे दोन-तीन दिवस दाणापाण्याविना काढू शकते. म्हणून जवळच्या उबवणी केंद्रातून पिल्ले आणणे अनेकदा स्वस्त आणि खात्रीचे ठरते. नव्याने सुरुवात करणाऱ्या भगिनींनी आधी हीच वाट धरावी. हात बसला, की मग पार्सलच्या अंड्यांचा विचार करावा.