निवडणुकीचे डावपेच आणि मतदाराचे गाऱ्हाणे

सन २०२४ च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. ५ तारखेस अमेरिकेने आपला अध्यक्ष निवडला आणि २० तारखेस महाराष्ट्राने आपली विधानसभा. या दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर प्रचाराचे तंत्र कसे चालते आणि त्या तंत्रात सामान्य माणसाचे गाऱ्हाणे कोठे बसते, कोठे गळून पडते, हे ध्यानात येते. आम्ही राज्यशास्त्राचे पंडित नव्हे. कारखान्याच्या दारावरील सभा हीच आमची शाळा. परंतु संघटनेच्या कामात माणसे मोजावी लागतात, आणि निवडणूक हेही शेवटी माणसे मोजण्याचेच काम आहे.

पहिली गोष्ट अशी की, उमेदवार सर्वांपुढे हात जोडतो, पण खटपट सर्वांसाठी करीत नाही. अमेरिकेत हे अगदी उघड दिसते. तेथे मतांची बेरीज देशभर एकत्र होत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक येतात. ते एकूण ५३८. ज्याला २७० मिळाले तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर राज्यात ज्याला अधिक मते पडली त्याच्याच पदरात तेथले सारे निर्वाचक पडतात. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा अठ्ठावीस लाखांहून अधिक मते जास्त पडूनही त्या हरल्या, त्या याच हिशेबाने.

मग प्रचार करणारा काय करतो? जे राज्य आपलेच आहे तेथे तो वेळ दवडत नाही. जे हातचे गेलेच आहे तेथे पैसा ओतत नाही. २०२४ साली दोन्ही पक्षांचा सारा जोर पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा या सात राज्यांवर होता. कॅलिफोर्नियातील कामगार आणि नेव्हाडातील कामगार यांचे हाल सारखेच असतील; पण पुढाऱ्याच्या कानावर जाते ते नेव्हाडातल्याचे.

याचे एक उदाहरण फार बोलके आहे. नेव्हाडात लास व्हेगास हे शहर आहे आणि तेथे हॉटेल कामगारांची मोठी वस्ती आहे. जून २०२४ मध्ये ट्रम्प यांनी तेथे जाऊन जाहीर केले की, वेटर मंडळींना मिळणाऱ्या बक्षिसीवर आयकर नको. ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांनीही त्याच शहरात तेच वचन दिले. पुढे जुलै २०२५ मध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत तशी सवलत कायद्यात आली. गोष्ट वाईट नाही. परंतु त्याच हॉटेलात मागच्या बाजूस भांडी घासणारा जो माणूस आहे, ज्याच्या हाती बक्षिसी पडतच नाही, त्याला यातून काय मिळाले? वचन गरजेकडे पाहून दिलेले नव्हते, ते नकाशाकडे पाहून दिलेले होते.

आता मतदाराची बाजू पाहू. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. चाळीस वर्षांत एवढी महागाई तेथे झाली नव्हती. निवडणुकीपर्यंत हा दर पुष्कळ खाली आला, आणि सरकार पक्ष तेच आकडे लोकांपुढे मांडीत राहिला. पण महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव वाढण्याचा वेग कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ. दुकानातली अंडी पूर्वीच्या भावाला आली नाहीत. घरातल्या बाईचा हिशेब पिशवीवर चालतो, टक्क्यांवर नव्हे. मालवाहू गाड्या चालविणाऱ्यांची तेथील मोठी संघटना टीमस्टर्स. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये कोणासच पाठिंबा न देण्याचे ठरविले. सभासदांच्या चाचणीत सुमारे साठ टक्के लोक ट्रम्प यांच्या बाजूचे निघाले होते. पूर्वी ही संघटना डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाठीशी उभी राहत असे. पुढारी एका बाजूस आणि सभासद दुसऱ्या बाजूस, हा प्रसंग युनियनचे काम करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी टिपून ठेवावा असा आहे. अखेर सातही राज्ये ट्रम्प यांनी जिंकली. निर्वाचक ३१२ विरुद्ध २२६.

आपल्याकडे निर्वाचकांची भानगड नाही, पण डावपेच त्याच जातीचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी महायुतीला १७ च मिळाल्या. लगोलग जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली आणि जुलैपासून महिना १५०० रुपये लागू झाले. निवडणुकीच्या तोंडावर महायुतीने २१०० रुपयांचे वचन दिले. महाविकास आघाडीने ३००० चे. लिलावात बोली चढावी तसाच हा प्रकार. निकालात महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा मिळाल्या. यावरून बायका पैशाला भुलल्या असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी पगार जमा झाला नाही, तिला खात्यावर आलेल्या १५०० रुपयांचे मोल कळते. तिने आपले हित पाहिले. कारखानदार पाहतो, व्यापारी पाहतो, मग तिने का पाहू नये? प्रश्न वेगळाच आहे. जे गाऱ्हाणे महिना अमुक रुपये अशा भाषेत सांगता येत नाही, त्याचे काय होते?

आपला शीळफाटाच घ्या. कल्याणचा रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महापेचा रस्ता येथे मिळतात. शीळ, डायघर ही गावे ठाणे महापालिकेत. कल्याणकडे निघालो की थोड्याच अंतरावर कल्याण-डोंबिवलीची हद्द. महापेकडे वळलो की नवी मुंबई. रस्त्यांची खाती आणखी निराळी. सकाळी कामावर निघालेला माणूस तास तास कोंडीत उभा असतो, पण त्याची तक्रार एका दारातून दुसऱ्या दारात हेलपाटे घालते. ज्या दुखण्याला एकच धनी नाही, त्याचा जाब कोणत्याही एका निवडणुकीत पुरता विचारता येत नाही.

सत्तावीस गावांची कथा अशीच. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ती तिच्यात गेली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. पाणी आणि घरपट्टी ही त्यांची जुनी गाऱ्हाणी. त्यात भर म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे. नळाला पाणी नाही म्हणून ज्याचे दार ठोठवावे, असा निवडून आलेला माणूसच नव्हता.

मतदार मात्र वाटतो तितका भाबडा नाही. कल्याण लोकसभा मतदारसंघ २००९ साली अस्तित्वात आला आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी शिवसेनेचा उमेदवार निवडून आला. २०२४ साली पक्ष दुभंगल्यावर शिंदे गटाचा. पण त्याच लोकसभा मतदारसंघातील कल्याण ग्रामीणने विधानसभेला २००९ मध्ये मनसे, २०१४ मध्ये शिवसेना, २०१९ मध्ये पुन्हा मनसे आणि २०२४ मध्ये पुन्हा शिवसेना असा कौल दिला. म्हणजे दिल्लीला पाठवायचा माणूस आणि मुंबईला पाठवायचा माणूस यांचा विचार हा मतदार निरनिराळा करतो.

तथापि हा विचार करणारे किती? २०१४ आणि २०१९ साली कल्याण लोकसभेला निम्म्याहून कमी मतदान झाले. २०२४ साली ते जेमतेम निम्म्यावर आले. आणि हे गणित केवळ यादीत नाव असलेल्यांचे. गोदामात माल उचलणारा, इमारतीवर विटा वाहणारा, ज्याचे नाव गावाकडच्या यादीत आहे आणि पोट येथे आहे, तो या हिशेबात नाहीच. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर मजूर आपल्या बायकापोरांसह राहत होते. अशा माणसांचा जीव एवढा स्वस्त का, याची कारणे पुष्कळ सांगता येतील. त्यांतले एक असे की, त्यांच्या मतावर येथे कोणाचीच खुर्ची अवलंबून नसते. नेव्हाडातल्या भांडी घासणाऱ्यापेक्षाही हा माणूस हिशेबापासून दूर.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये परगावी राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव पुढे आणला. २०१९ साली सुमारे तीस कोटी मतदारांनी मत दिले नव्हते, याची आयोगालाही चिंता होती. पक्षांत एकमत झाले नाही आणि यंत्र मतदानापर्यंत पोचले नाही. ते येईपर्यंत हातात असलेला कायदा तरी वापरावा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे त्याचे नाव लागते. त्यासाठी घर मालकीचे असावे लागत नाही. नवे नाव नमुना ६ ने, जागा बदलल्यास नमुना ८ ने. पदपथावर झोपणाऱ्याचेही नाव लागू शकते. अधिकारी रात्री येऊन खात्री करतो. दुसरी गोष्ट सुट्टीची. अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने मतदान मंगळवारी होते आणि देशभर सुट्टी नसते. आपल्याकडे १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे रोजंदारीवाल्यालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. काम बंद पडल्याने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशाच ठिकाणी तिला अपवाद. मालकाने ती नाकारली तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. दंड क्षुल्लक आहे हे खरे; म्हणूनच ही सुट्टी एकट्याने मागून मिळत नाही, दहाजणांनी मिळून मागावी लागते.

अशा एकजुटीने काय घडते हे मुंबईने १९६७ साली पाहिले. दक्षिण मुंबईत स. का. पाटील हे काँग्रेसचे बलाढ्य पुढारी आणि केंद्रातले रेल्वेमंत्री. आपणास कोणी हरवू शकत नाही अशी त्यांची ख्याती. त्यांच्यासमोर टॅक्सीवाले आणि महापालिका कामगार यांच्यात काम करणारे जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. पैशाने बरोबरी होणे शक्यच नव्हते. त्यांच्या भित्तिपत्रकांतून मतदाराला सांगितले गेले ते एवढेच, की पाटलांना तुम्ही हरवू शकता. उमेदवाराची थोरवी बाजूस ठेवून मतदाराला त्याच्या ताकदीची आठवण करून देणारा हा प्रचार कामगारांनी दारोदार नेला आणि पाटील पडले.

फर्नांडिस यांचे पुढचे राजकारण ज्याला जसे वाटेल तसे वाटो. तो आजचा विषय नव्हे. प्रचार करणाऱ्याच्या नकाशात आपण नसू, तर रागावून घरी बसल्याने नकाशा बदलत नाही. उलट पुढच्या वेळी तो आपल्याला आणखी सहज वगळतो. फाट्यावरची कोंडी, गावातले पाणी, मजुराचे छप्पर ही गाऱ्हाणी एकेकट्याने बोलली तर कुरकुर ठरतात. यादीत नाव असलेल्या हजार माणसांनी एकत्र बोलली, की तोच उमेदवार वही काढून ती लिहून घेतो. म्हणून पुढील निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, प्रत्येकाने आपल्या चाळीतली, आपल्या खात्यातली नावे आजच तपासावीत, आणि आपल्याकडे काम करणारा जो परगावचा माणूस आहे, त्याचेही नाव कोठे आहे ते आधी विचारावे.