टाइप घासणारा मुलगा काय शिकला?

नोकरीत शिकणे म्हटले की आपल्यापुढे प्रशिक्षण वर्ग उभा राहतो. विषय वरून ठरतो, तारीख वरून येते, आपण हजेरी लावतो. पण काम करणाऱ्याने स्वतःच्या प्रश्नावरून शिकायला घेतले तर काय होते? मुंबईच्या एका छापखान्यातले उदाहरण पाहण्याजोगे आहे.

जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) गरीब घरातले. लहानपणीच ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले.

हे काम क्षुल्लक वाटते. परंतु त्यामागे काय असते ते पाहू. पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटे कोरायचे. तो ठसा तांब्यावर ठोकून खोलगट साचा करायचा. साच्यात वितळलेला धातू ओतायचा. नुसते शिसे मऊ, छापताना दबणारे. म्हणून त्यात अँटिमनी मिसळतात. त्याने कठीणपणा येतो आणि थंड होताना होणारे आकुंचनही कमी होते. कथिलामुळे रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत नीट वाहतो व टाइप चिवट होतो. बाहेर पडलेल्या टाइपाच्या कडेला धातूची पापुद्र्यासारखी कड राहते. ती घासून काढली नाही तर ओळ वाकडी बसते.

आता घासणाऱ्याच्या जागी बसा. प्रत्येक टाइप त्याच्या हातातून जातो. एकाला बुडबुड्याचे भोक, दुसऱ्याची वेलांटी अर्धवट, तिसरा जाडीला जास्त. ओतकामातली प्रत्येक चूक त्याच्या बोटांना आधी कळते. ‘असे का झाले?’ हा प्रश्न त्याच्या कामातच असतो. उत्तर मात्र शेजारच्या मेजावर असते. तिथे जाऊन पाहण्याची, विचारण्याची मुभा मिळाली तरच शिकणे सुरू होते.

त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी टाइपाच्या सुधारणेत गढलेले होते. जोडाक्षरांमुळे लागणारे शेकडो टाइप कमी कसे करावेत, यावर तिथे प्रत्यक्ष प्रयोग चालत. अशा जागेतून जावजी पुढे आणखी काही छापखान्यांत गेले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू त्यांचे साथी. निर्णयसागरचे सुबक देवनागरी टाइप आणि तिथली संस्कृत पुस्तके मुंबईबाहेरही नावाजली गेली.

सगळे श्रेय जिद्दीला देऊन आपण मोकळे होतो. ते अपुरे आहे. टाइप घासणारी मुले पुष्कळ असतील; त्यातून कारखानदार झालेले विरळाच. जिद्द माणसाची, पण वेळ, साधने आणि चूक करण्याची मोकळीक नोकरी देणाऱ्याच्या हाती असते.

गिरणगावात वाढलेले कवी नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते. नोकरी करतच परीक्षा देऊन ते शिक्षक झाले. म्हणजे हा प्रश्न शाळेचाही आहे.

आपल्या प्रयोगशाळेतला परिचर रोज परीक्षानळ्या धुतो. कोणता डाग आम्लाने जातो व कोणता जात नाही, हे त्याला आपल्याआधी ठाऊक असते. एकदा त्याला विचारा, ‘यातले तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?’ मग आठवड्यातला एक तास, पुस्तकाच्या कपाटाची किल्ली आणि शेजारी बसून प्रयोग करणारा एक शिक्षक एवढे त्याला द्या. विषय मात्र त्याला ठरवू द्या.