चित्रातली जिप्सी आणि तांड्यावरची बाई

युरोपातले रोमा लोक पाण्याला ‘पानी’ म्हणतात. माणसाला ‘मानुश’, कानाला ‘कान’, सुरीला ‘छुरी’. ते आकडे मोजू लागले, की आपल्याला गंमत वाटते. येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव इथपर्यंत सगळे घरचेच. पण सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या! हे शब्द ग्रीक आहेत. दहाला पुन्हा ‘देश’. या दहा आकड्यांत त्यांचा प्रवास लिहिलेला आहे. हे लोक भारतातून निघाले, वाटेत ग्रीक बोलणाऱ्या मुलखात दीर्घकाळ राहिले आणि मग युरोपभर पांगले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही त्यांचे मूळ वायव्य भारताकडेच दाखवले.

आपण त्यांना ‘जिप्सी’ म्हणतो. हे लोक ईजिप्तमधून आले, अशा गैरसमजातून ‘ईजिप्शियन’चे ‘जिप्सी’ झाले. फ्रेंचांना वाटले, ते बोहेमियातून आले. म्हणून तिकडे ‘बोहेमियन’. दोन्ही नावे परक्यांनी दिलेली, पत्ता चुकलेली. त्यांच्या चित्रांचेही बरेचसे असेच झाले आहे.

दृक्प्रत्ययवादी चित्रकार म्हणजे ज्यांना आपण ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणतो ते. १८७४ साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून एका समीक्षकाने त्यांची टिंगल केली आणि तेच नाव चिकटले. रंग कथलाच्या नळीत मिळू लागल्यामुळे चित्रकाराला ते खिशात घालून उन्हात जाता येऊ लागले. सावली काळी नसते, तिच्यातही निळा-जांभळा रंग असतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून रंगवले. देवदेवता आणि राजेरजवाडे सोडून धोबिणी, नर्तकी, खानावळीतल्या पोरी त्यांच्या चित्रांत आल्या. मग रोमा स्त्री आली का?

नावापुरती आली. रेनवारने १८६८ साली एका तरुणीचे चित्र काढले. ते ‘बोहेमियन’ या नावानेही ओळखले जाते. मोकळे केस, खांद्यावरून ओघळलेला झगा, मागे हिरव्या पानांचे सुटे सुटे फटकारे. आज ते बर्लिनला आहे. चित्र देखणेच आहे, पण त्यात बसलेली मुलगी रोमा नव्हतीच. ती रेनवारची मैत्रीण लीझ! केस सोडले, झगा ढिला केला, झाली जिप्सी. त्याआधी जेमतेम बारा वर्षे, १८५५ आणि १८५६ साली, मोल्दाविया आणि वालाकिया या आजच्या रुमानियाकडच्या संस्थानांत रोमा लोकांची गुलामगिरी कायद्याने संपली होती. पॅरिसच्या त्या हिरव्या झाडीत याचा मागमूस नाही.

मला व्हॅन गॉग जास्त प्रामाणिक वाटतो. ऑगस्ट १८८८ मध्ये आर्लजवळ त्याने रोमांच्या मुक्कामाचे एक छोटे चित्र रंगवले. मोठ्या पाटीएवढेच. गाड्या, घोडे, तापलेली जमीन आणि एकेका फटकाऱ्यात उभी केलेली माणसे. चेहरा कुणालाच नाही. पण ती पोज देत नाहीत. मुक्कामाला आलेली माणसे करतात तसे आपापले काम करत आहेत.

आता जरा घराजवळ येऊ. अमृता शेर-गिलचे वडील पंजाबचे सरदार उमरावसिंग, आई हंगेरियन. जन्म बुडापेस्टचा, १९१३ चा. मामा एर्विन बाक्ताय भारतविद्येचे अभ्यासक, स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. पॅरिसला शिकत असताना, १९३२ साली, डॅन्यूबकाठच्या झेबेगेन्य गावातल्या एका रोमा मुलीचे चित्र अमृताने काढले. ती एकोणीस वर्षांची होती. तिच्यावर तेव्हा सेझान आणि गोगँ यांचा, म्हणजे दृक्प्रत्ययवादाच्या पुढच्या पिढीचा प्रभाव होता. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तिच्यासमोर बसली होती ती खरोखरची रोमा मुलगी, वेष घेतलेली मैत्रीण नव्हे.

१९३४ च्या अखेरीस अमृता भारतात परतली. नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईला प्रदर्शन झाले आणि लगेच ती आपल्या भागात आली, वेरूळ आणि अजिंठा पाहायला. अजिंठ्याने ती भारावून गेली. सतराव्या लेण्यातला प्रसाधनाचा प्रसंग तुम्ही पाहिला असेल: आरशात पाहणारी राणी आणि भोवती सेविका. पुढच्याच वर्षी तिने ‘वधूचे प्रसाधन’ रंगवले. पॅरिसच्या प्रकाशात विरघळणाऱ्या कडा गेल्या, रेषा ठाम झाली. लगबग थांबली आणि बायका शांतपणे, जराशा उदास बसल्या. १९४१ साली लाहोरला ती गेली, अठ्ठाविसाव्या वर्षी. तिच्या १९३७ च्या ‘द स्टोरी टेलर’ला २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपये आले. त्या चित्रातही अंगणात बसलेली साधी माणसेच आहेत.

तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री, आउश्वित्झच्या छावणीत उरलेल्या हजारो रोमांना नाझींनी विषारी वायूने मारले. त्यात बायका आणि मुले होती. झेबेगेन्यच्या त्या मुलीच्या पिढीवर काय गुदरले, हे ठाऊक असले की ते चित्र नुसते ‘छान पोर्ट्रेट’ राहत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे निघा, किंवा कन्नड-सोयगावकडे वळा, तांडे लागतात. बंजारा हे रोमांचे भाऊबंद, असे सर्रास सांगितले जाते. मी ते सांगणार नाही. गोरबोलीचे नाते राजस्थानीशी आहे आणि रोमा तर हजार वर्षांपूर्वीच निघून गेले होते. साम्य आहे ते वागवले जाण्यात. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून मुघल फौजांचे धान्य दख्खनेत आले. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जाळ्यात बंजाऱ्यांचेही काही गट ओढले गेले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशयाची नजर एवढ्यात जात नाही.

आणि चित्रे? आपल्याकडे कॅलेंडरवर, हॉटेलच्या भिंतीवर, विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात बंजारा बाई हमखास असते. आरसे, कवड्या, दंडापर्यंत बांगड्या, लाल घागरा. तो पोशाख सुंदर आहेच. एकेक टाका घालायला दिवस जातात. पण आता तो बहुधा म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर नाहीतर लग्नकार्यात दिसतो. चित्रकाराला मात्र दुसरी बंजारा बाई माहीत नाही. रेनवारची लीझ अजून मॉडेल म्हणून बसलेलीच आहे म्हणा ना!

दिवाळीच्या सुमाराला याच तांड्यांतून कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. उचल घेताना हिशेब असा जोडीचा होतो. अंधारातच चूल पेटते, भाकरी फडक्यात बांधल्या जातात, तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत. नवरा तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. त्या वेळी फडावर धुके असते, पाचटावर दव असते आणि उजेड मिनिटामिनिटाला बदलत असतो. मोनेने अशाच उजेडासाठी धान्याच्या गंजी पुन्हापुन्हा रंगवल्या. आपल्याकडचा कुणी तरुण चित्रकार रंगाच्या नळ्या खिशात घालून तिथे गेला, तर त्याने आधी त्या बाईला तिचे नाव विचारावे. मग डोक्यावरच्या मोळीचे वजन तिच्या मानेत कसे उतरते, ते पाहावे.