अंतराळात गेलेले रशियन घड्याळ : सौद्यापूर्वी काय पाहावे?

गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला आमच्या परिचयाच्या एका तरुण दुकानदाराने एका पर्यटकाकडून रशियन घड्याळ घेतले. “गागारिनने अंतराळात नेले तेच हे घड्याळ,” असे त्याला सांगण्यात आले. दहा हजार रुपये मोजले, तेही ईदच्या मालासाठी बाजूला ठेवलेले. आता तीच कहाणी सांगून पुढे पंचवीस हजाराला विकावे, असा त्याचा विचार होता. आमचा धंदा कापडाचा, पण घड्याळांचा शौक जुना, म्हणून तो विचारायला आला.

पैठणी घेताना आपण पदर उलटून पाहतो. घड्याळाचेही तसेच, डायलवर जाऊ नये, मागचे कव्हर उघडावे. घड्याळजीने कव्हर काढले. बॅलन्स व्हीलजवळ 3133 हा आकडा कोरलेला, 23 खड्यांचे स्टॉपवॉच मशीन. फैसला तिथेच झाला. हे मशीन मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात 1970 नंतरच्या दशकात, स्वित्झर्लंडच्या वाल्जू 7734 वरून तयार झाले. गागारिनचे उड्डाण 12 एप्रिल 1961 चे. त्यांच्या हातात जे श्तुर्मान्स्किये होते, ते साधे तीन काट्यांचे, 17 खड्यांचे. दुकानात मिळत नसे, हवाई दलाच्या वैमानिकांना दिले जाई. पुढे त्याच नावाने स्टॉपवॉचची घड्याळे निघाली. नाव एक, माल दुसरा. घोळ येथेच होतो.

18 मार्च 1965 रोजी लिओनोव यानाबाहेर पडले, तेव्हा त्यांच्याजवळ स्त्रेला होते असे मानतात. त्याचे मशीन 3017, खडे 19. “लिओनोवचे” म्हणून कोणी 3133 दाखवले तर चहा पिऊन उठावे. राकेश शर्मांचे 1984 चे नाव घेऊनही आपल्याकडे माल खपवता येतो, हे लक्षात असू द्या.

मुंबईच्या चोरबाजारात डायल नव्याने रंगवलेली घड्याळे पुष्कळ दिसतात. डायल एकाची, काटे दुसऱ्याचे, कव्हर तिसऱ्याचे. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्यात. हाताने रंगवलेली अक्षरे जाड-बारीक होतात. अंकांवरचा चमकणारा रंग पिवळा पडला असेल आणि काट्यांवरचा पांढरा असेल, तर शक घ्यावा. दुरुस्ती करणे गुन्हा नव्हे. आमच्या कारागीर बंधूंची ती रोजी आहे. ती लपवून विकणे हा मात्र ऐब लपवणे झाला.

परंतु सर्व भाग अस्सल निघाले तरी घड्याळ अंतराळात गेले, हे मशीन सांगत नाही. त्याच कारखान्यातून तशीच हजारो घड्याळे बाहेर पडली. वर यानाचे चित्र असलेली तर बहुधा स्मरणार्थ काढलेली असतात. पुरावा कागदाचाच. अंतराळवीराच्या सहीचे पत्र, त्यात उड्डाणाचे नाव व घड्याळाची ओळख पटेल असे वर्णन, त्यावेळचा फोटो, किंवा नामांकित लिलावाची नोंद. न्यूयॉर्कला सोदबीजने डिसेंबर 1993 मध्ये रशियन अंतराळ वस्तूंचा मोठा लिलाव केला होता. अशा लिलावांचे छापील कॅटलॉग असतात, त्यात वस्तू नंबरवार सापडते. नुसते शिक्का मारलेले प्रमाणपत्र कोणीही छापतो.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. शेवटी त्याने चिठ्ठी लिहून घड्याळ काचेत ठेवले : “जुने रशियन स्टॉपवॉच. चालू. अंतराळाचा पुरावा नाही.” एका गिऱ्हाइकाने चार हजार सांगितले आहेत. तो सहावर अडून आहे.